रणगाडा येतोय, पण आबांची ट्रंक गेली

नगरपरिषदेनं एसटी स्टँडसमोरच्या चौकात निवृत्त रणगाडा बसवायचं ठरवलंय, ही बातमी मीच दिली. गेले चार दिवस जो भेटतो तो विचारतो, "तुमचं काय मत?" बातमीत मत लिहायचं नसतं, म्हणून इथं लिहितो. पोस्ट मोठी आहे, आणि मधेच तैवानला जाऊन परत येणार आहे. वेळ असेल तरच वाचा.

२०१० ची गोष्ट. २६ जानेवारीच्या पुरवणीसाठी डेस्कवरून फोन आला, तालुक्यातल्या एखाद्या जुन्या सैनिकावर पंधरा ओळी द्या. आमच्या पेठेत एक निवृत्त सुभेदार राहायचे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मी गेलो. आबांनी खाटेखालची काळी पत्र्याची ट्रंक ओढली, उघडली आणि म्हणाले, "बस. आता जेवूनच जा."

मी विचारलं, "आबा, कोरियात तुम्ही लढलात?"

"लढलो न्हाई रं बाळा. राखणीला होतो. दुसऱ्याच्या कैद्यांच्या."

मला तेव्हा काही कळलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, जाणून घ्यायची तेवढी गरजही वाटली नाही. पंधरा ओळींना किती माहिती लागते? आबांनी फोटो दाखवले. तंबूंची रांग, काटेरी तारा, तारांमागं उभी माणसं. मग एका रुमालातून त्यांनी तळहाताएवढा कापडाचा तुकडा काढला. लाल कापड, एका कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं काहीतरी.

"हे काय, आबा?"

"चिन्यानं दिलं. सिगारेटच्या पाकिटापायी. फूल हाय म्हणं का सूर्य, मला कुठं कळतंय त्याची भाषा!"

मी माझ्या तेव्हाच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढला. हललेला. म्हटलं, आबा, पुन्हा निवांत येतो, हे सगळं नीट स्कॅन करून ठेवू. पंधरा ओळी पाठवल्या, आठ लागल्या. पुन्हा निवांत गेलो तो थेट चार वर्षांनी, त्यांच्या दहाव्याला. पुढं वाडा विकला गेला. ट्रंक कुठंय म्हणून विचारलं तर घरच्यांनी सरळ सांगितलं, माळ्यावरचं सगळं सामान भंगारवाल्यानं एकगठ्ठा नेलं. त्यांना मी दोष देत नाही. "ठेवू" हा शब्द मी दिला होता, त्यांनी नाही.

लाज वाटली की माणूस वाचायला लागतो. मीही लागलो. जुलै १९५३ मध्ये कोरियातली लढाई थांबली, पण हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचं कोणी? दोन्ही बाजूंनी भारताला मान्यता दिली. आपले जवळपास सहा हजार जवान तिकडं गेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरनं उचलून त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. छावणीचं नाव हिंद नगर. या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं ते आमच्या पेठेत खाटेवर बसून होते.

जानेवारी १९५४ मध्ये त्यातले चौदा हजारांहून जास्त चिनी कैदी मायदेशाऐवजी तैवानला गेले. अमेरिकी जहाजांनीच त्यांना नेलं. म्हणून मी पुढं तैवान वाचायला घेतलं, आणि तिथं भेटले अमेरिकन म्हातारे.

म्हातारे म्हणजे पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांत तैवानात नोकरी केलेले सैनिक. कोरियन युद्ध पेटल्यावर, जून १९५० मध्ये, ट्रुमन यांनी सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत पाठवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी लष्करी सल्लागार गट तिथं बसला. डिसेंबर १९५४ मध्ये संरक्षण करार झाला. मग विमानतळ, रडार, दवाखाने, शाळा, क्लब. ताइचुंगजवळच्या तळावरून व्हिएतनामच्या लढाईसाठी मालवाहू विमानं उडायची. लिनकोच्या पठारावर चीनचे रेडिओ संदेश ऐकत बसलेली पोरं होती, त्यांना काय ऐकलं हे बायकोलाही सांगायची मुभा नव्हती. १ जानेवारी १९७९ ला अमेरिकेनं बीजिंगला मान्यता दिली, आणि त्या वसंतात हा अख्खा संसार गुंडाळला.

गुंडाळला म्हणजे खरंच गुंडाळला. व्हिएतनामात मेलेल्यांची नावं वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडावर कोरली आहेत. तैवानात पंचवीस-तीस वर्षं जे येत-जात राहिले त्यांच्यासाठी तसा दगड नाही. ज्या देशाला आता आपण देश म्हणत नाही, तिथल्या नोकरीचा सोहळा कोण करणार? आणि तैवानात तेव्हा मार्शल लॉ होता, १९४९ ते १९८७. आपल्याला सोडून गेलेल्या पाहुण्याची आठवण काढायची सरकारलाही हौस नव्हती. दोन्हीकडच्या सरकारांनी ती ट्रंक भंगारात दिलीच होती म्हणा.

वाचवली ती या म्हाताऱ्यांनी. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळे उपसले. रंगीत स्लाइडचे डबे, युनिटचे कापडी बिल्ले, पाठीवर भरतकाम केलेली जॅकेटं, क्लबाच्या काड्यापेट्या आणि मेनूकार्डं, रेशनकार्ड, चिनी अक्षरातलं गाडीचं लायसन, नक्षीच्या कापूरलाकडी पेट्या. एकमेकांना शोधून काढलं, स्लाइड स्कॅन केल्या, मागं सनावळ्या लिहिल्या. आता गंमत बघा. ते काढत होते आपल्या मित्राचा फोटो, आपल्या बराकीचा, आपल्या मोटारसायकलचा. पण मित्राच्या मागं रस्ता होता. सायकलरिक्षा होती, भाजीवाली होती, भातशेती होती. त्या काळात साध्या तैवानी माणसाकडं कॅमेराच विरळा, रंगीत फिल्म तर लांबच. त्यामुळं आज तिथल्या तरुण पोरांना आपल्या आजीच्या वेळचं गाव रंगात बघायचं असेल तर या परक्या शिपायांच्या डब्यांतच बघावं लागतं.

ही पोरं ते बघतातही भिंगातून बघावं तसं. दुकानाची पाटी वाचतात, बसचा नंबर, डोंगराची कड जुळवतात आणि फोटो नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर काढलाय ते सांगतात. म्हाताऱ्याला रस्त्याचं नाव वाचता येत नव्हतं, पोराला तो रस्ता बघायला मिळाला नव्हता. दोघांचं अर्धं-अर्धं मिळून एक फोटो पुरा होतो. आमच्याकडं असले अर्धे किती घरांत पडलेत!

असाच एक फोटो बघत होतो. तैपेईतली दहा ऑक्टोबरची मिरवणूक, तिथला राष्ट्रीय दिवस. रस्ताभर झेंडे. लाल कापड, कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात पांढरा सूर्य. मी उठून जुना मोबाईल शोधला. त्याची बॅटरी फुगली होती, पण फोटो मागंच मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. आबांचं फूल ते. तारांमागं बसून कुणीतरी शिवलेला तैवानचा झेंडा होता तो, चौदा हजारांतल्या एकाच्या हातचा. एका सिगारेटच्या पाकिटाला आमच्या पेठेत आलेला. आणि इथून किलोवर गेलेला.

बरं, सगळं गोड-गोड जपलंय असंही नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्च १९५७ मध्ये एका अमेरिकी सार्जंटनं आपल्या घराबाहेर लिऊ त्सु-जान नावाच्या माणसाला गोळ्या घालून मारलं. खटला अमेरिकी लष्करी कोर्टातच चालला आणि तो निर्दोष सुटला. दुसऱ्याच दिवशी, २४ मेला, तैपेईत जमावानं अमेरिकी वकिलात फोडली. ज्या सैनिकांनी हे पाहिलं त्यांतल्या काहींच्या अल्बमात क्लबातल्या नाचाशेजारी मोडक्या वकिलातीचा फोटोही आहे. व्हिएतनामातून पाच दिवसांच्या सुट्टीवर येणाऱ्यांसाठी बार आणि पेइतौचे गरम पाण्याचे झरे होते. १९६७ च्या डिसेंबरात टाइम साप्ताहिकानं तिथल्या न्हाणीतला शिपाई आणि दोन मुली असा फोटो छापला आणि तैवान सरकारची पंचाईत झाली. त्या मुलींना म्हातारपणी कुणी फोटो मागायला गेलं नसेल. जपणूक कुणाची होते आणि कुणाची राहून जाते, हे तिथंही आहेच.

तरी लोक भांडले. तैपेईवरच्या यांगमिंगशान डोंगरावर अमेरिकी कुटुंबांसाठी बांधलेले बैठे बंगले आहेत. पुढं हिरवळ, छपरावर धुराडं, म्हणजे पावसाळी डोंगरात अमेरिकेचा एक तुकडा. जागा बँक ऑफ तैवानची. मोक्याची जमीन, विकायची, पाडायची चर्चा झाली. आसपासचे रहिवासी उभे राहिले आणि शहराकडून संरक्षण मिळवलं. आता तिथल्या जुन्या क्लबाच्या इमारतीत लोक जेवायला जातात, जुने फोटोही बघतात. अमेरिकी सैन्याचं रेडिओ स्टेशन बंद पडणार होतं, ते १६ एप्रिल १९७९ ला आयसीआरटी या नव्या नावानं सुरू झालं, आजही इंग्रजीत चालू आहे. राजदूताचं घर बरीच वर्षं पडीक होतं, २००२ पासून तिथं सिनेमे दाखवतात. सल्लागार गटाच्या आवारावर मात्र १९८३ मध्ये नवंकोरं कलासंग्रहालय आलं. म्हणजे सगळंच वाचलं असं नव्हे.

आणि किनमेन. चीनच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरचं तैवानच्या ताब्यातलं बेट. ३ सप्टेंबर १९५४ ला चिनी तोफांच्या माऱ्यात तिथं दोन अमेरिकी लेफ्टनंट कर्नल मेले, मेडेनडॉर्प आणि लिन. धक्क्याजवळ त्या दोघांचं छोटं स्मारक आहे. फक्त दोघांचं. पण नावानिशी.

तैवानातल्या जुन्या लोकांची आणखी एक आठवण वाचली. अमेरिकी मदतीच्या पिठाच्या पोत्यांच्या चड्ड्या शिवायचे, आणि पाठीमागं हस्तांदोलनाचं चित्र आणि निव्वळ वजन छापलेलं असायचं. हसलो, आणि माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळातल्या परदेशी तांबड्या मिलोचं नाव काढलं तरी ती तोंड वाकडं करायची. पण मिलोचं रिकामं पोतं तिनं टाकलं नव्हतं, वीस वर्षं उंबऱ्यात अंथरलं होतं. जपणं आपल्याला येत नाही असं नाही.

तर रणगाड्याबद्दल. माझा विरोध नाही. लष्कराकडून मिळतोय, मिळू द्या. पोरं त्यावर चढून फोटो काढतील, चांगलंच आहे. पण चौथऱ्याचं, रेलिंगचं, दिव्यांचं अंदाजपत्रक मी वाचलंय, आणि त्यात एका कपाटाचे पैसे नाहीत. ठरावात "तालुक्याच्या सैनिकी परंपरेचे जतन" असे शब्द आहेत. तो रणगाडा आमच्या तालुक्यातल्या कुणी चालवला होता का, हे कुणी विचारलेलं नाही. मी सभेत विचारलं तर एक सदस्य म्हणाले, "पत्रकार, प्रत्येक गोष्टीत खोडा घालता राव तुम्ही." असेल. पण पासष्ट आणि एकाहत्तरला लढलेले मोजके लोक अजून आहेत, श्रीलंकेहून परत आलेले आहेत. त्यांची पत्रं, वेतनपुस्तकं, तिकडून आणलेल्या वस्तू कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. घरं पाडून फ्लॅट होतायत, आणि फ्लॅटला माळा नसतो.

वाचनालयाच्या कार्यवाहांशी बोललोय. वरच्या मजल्यावरचं एक लोखंडी कपाट ते देतायत, चावी त्यांच्याकडंच राहील. येत्या रविवारी सकाळी नऊपासून मी तिथं स्कॅनर घेऊन बसतो. वस्तू ठेवायची नसेल तर ठेवू नका, स्कॅन करून लगेच परत घेऊन जा. फक्त फोटोत कोण आहे, कुठं आहे, कधीचा आहे, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून या. घरी न बोललेलं, न आवडणारं काही असेल तर तेही आणा, लावायचं की नाही ते नंतर बघू. चहा माझ्याकडून.

आणि भंगाराचा धंदा करणाऱ्या आमच्या मित्रांना सांगणं आहे, पत्र्याची ट्रंक आली तर वजन करायच्या आधी मला एक हाक मारा. जो भाव असेल तो देतो. आबांच्या तुकड्याचा हललेला फोटो खाली लावलाय. निळ्याच्या कडेला शाईनं तीन अक्षरं दिसतात, बहुतेक शिवणाऱ्याचं नाव असावं. कुणाला चिनी वाचता येत असेल तर बघा लागतंय का.