धोरण शिकायला निघालेल्या भाचीस

पुणे

चि. सानिका,



बर्कलीचा प्रवेश नक्की झाल्याचं दादाने कळवलं. फार आनंद झाला. इंजिनिअरिंगनंतर सार्वजनिक धोरणाची पदवी कशाला, हे दादाला अजून पटलेलं नाही. त्याच्याशी मी बोलेन. तू मात्र विचारलंस की जाण्याआधी काय वाचू आणि तिथे कुठले विषय घेऊ. याचं उत्तर फोनवर होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

विषयांचं लवकर सांगून टाकते. संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र मनापासून कर. कायद्याचा एखादा पेपर घे. तुझा विभाग 1969 साली सुरू झाला, म्हणजे या विद्याशाखेतल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी तो एक. तिथल्या यूजीन बार्डाक यांनी धोरण तपासण्याच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. आधी प्रश्न नीट मांडायचा, मग पुरावे, पर्याय, निकष, परिणामांचा अंदाज असं करत शेवटी निर्णय घ्यायचा आणि तो लोकांना समजेल असा सांगायचा. यातली पहिली पायरी सगळ्यांत अवघड, असं माझं मत आहे. जाण्यापूर्वी तिची तयारी आपल्याच एका योजनेवर करावीस, असं मला वाटतं. ती योजना म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी.

1972 चा दुष्काळ तू ऐकला आहेस, आम्ही पाहिला. धान्याची टंचाई होतीच, पण शेत करपलं की शेतमजुराची मजुरी बुडते आणि बाजारात असलेलं धान्यही त्याला परवडत नाही. प्रश्न असा मांडला की उत्तर बदलतं. फुकट धान्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काम महत्त्वाचं ठरतं. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, आणि कामावर मिळणारी सुकडी. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळाच्या कितीतरी आधी, 1965 च्या सुमारास, त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मजुरांना हमखास काम देण्याच्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम, आणि ते देता आलं नाही तर बेकारी भत्ता. 2005 साली देशभरासाठी कायदा झाला तेव्हा पाया हाच होता.

आता या योजनेच्या पोटातले नियम बघ, कारण तू शिकायला निघाली आहेस ते हेच. गरीब कोण, याची यादी करायची गरजच ठेवली नव्हती. मजुरी बेताची, काम अंगमेहनतीचं, दर मोजमापावर. ज्याला दुसरं काही मिळतं तो उन्हात माती उपसायला येत नाही. त्यामुळे यादीत नाव घालण्यासाठी पुढाऱ्याच्या दारात उभं राहायला लागत नाही. पैसा कुठून आला? दादाच्या पगारपत्रकात व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, तो 1975 पासून याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्या पगारदाराने भरायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या. कुमुदिनी दांडेकरांनी गोखले संस्थेतून याच अंगाने अभ्यास केला आणि त्याचं पुस्तक 1983 मध्ये निघालं. ते मिळवून वाच.

पण माझ्या मते खरा धडा 1988 चा आहे. त्या वर्षी राज्यातलं किमान वेतन दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरी त्याच्याशी बांधलेली असल्याने तीही वाढली. किमान वेतनापेक्षा कमी देऊन सरकारला काम करवून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये राजस्थानच्या एका खटल्यात सांगितलं होतं. मजुरांची मागणी रास्तच होती. पण त्यानंतर कामावरची हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये दाखवलं की मागणी होती, पण काम मोजूनमापून दिलं जाऊ लागलं होतं. हमी कागदावर तशीच राहिली आणि काम मागायला आलेली बाई परत जाऊ लागली.

तू त्या वेळी सचिवालयात असतीस तर काय सल्ला दिला असतास? दोन्ही बाजू मांडून थांबलीस तर ते विश्लेषण नव्हे. माझा निर्णय सांगते. मजुरी वाढवायलाच हवी होती, आणि त्याच दिवशी तरतूदही त्याच प्रमाणात वाढवायला हवी होती. हक्क वाढवून पैसा तेवढाच ठेवला की त्याची किंमत रांगेत शेवटी उभा असलेला माणूस भरतो. तुला हे पटणार नाही कदाचित. पण मग आकडे घेऊन मला खोडून काढ.

घोषणा झाल्यावर अंमलबजावणी कशी अडते हे कळायला तिथे गेल्यावर ओकलंडचं प्रकरण वाच, गाव तुझ्या शेजारीच आहे. 1966 मध्ये वॉशिंग्टनहून तिथे 2 कोटी 30 लाख डॉलर आणि 3000 नोकऱ्यांची घोषणा झाली. काही वर्षांनी हाती फारच थोडं लागलं होतं. प्रेसमन आणि विल्डाव्स्की यांनी 1973 च्या पुस्तकात मोजून दाखवलं की त्या वाटेवर 70 संमत्या लागत होत्या. प्रत्येक संमती 100 पैकी 99 वेळा मिळेल असं धरलं, तरी सगळ्या मिळण्याची शक्यता निम्म्याहून कमी भरते. स्वतः गुणाकार करून बघ. नमुना 4 भरून काम मागणाऱ्या मजुरापासून मजुरी हातात पडेपर्यंत किती सह्या लागतात, हेही असंच मोजायला हवं.

आणि धनंजयराव गाडगीळांना विसरू नकोस. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे तपासले. सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या मुलखातल्या शेतीचं आणि माणसांचं काय झालं, हे त्यांनी पाहिलं. खर्च आणि लाभाची गणितं तिथे शिकशील तेव्हा हे काम आपल्याकडे कधी झालं होतं, ते वर्गात जरूर सांग.

शेवटच्या वर्षी तुम्हाला एखाद्या खऱ्या संस्थेसाठी खऱ्या प्रश्नावर अहवाल लिहावा लागतो. विषय ठरवण्याआधी, सुट्टीत इकडे आलीस की जत किंवा माणमधल्या एखाद्या कामावर आठवडाभर राहा. हजेरीपत्रक वाच, मुकादमाशी बोल, बायकांना विचार. मग अहवाल लिही आणि पहिला खर्डा मला पाठव.

तुझी,
आत्या