शेवटी ती कोणाची?

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूस, खाडीकडे खिडकी असलेल्या एका घरात मराठीच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी परीक्षक म्हणून आलेल्या प्रबंधावरील अहवाल लिहीत होत्या. प्रबंध मराठी कादंबरीतील स्त्री-व्यक्तिरेखांवर होता. त्याच्या चौथ्या प्रकरणात संशोधक विद्यार्थिनीने एकाच वेळी दोन पुरुषांची ओढ वाटणाऱ्या नायिकेची चर्चा केली होती, आणि या नायिकेच्या भावना अखेरपर्यंत अनिर्णित राहतात, एवढे म्हणून ती थांबली होती. अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात प्राध्यापिकांनी या ठिकाणी दोन वाक्ये लिहिली : ‘व्यक्तिरेखेची सुसंगती प्रस्थापित करावी. नायिकेचा अंतिम कल स्पष्ट करावा.’ ही वाक्ये लिहून होत असतानाच बाहेरच्या खोलीतील आवाज चढले. तेथे जवळजवळ हाच वाद चालला होता. फक्त नायिका जपानी होती.

वाद घालणारे तिघे होते : प्राध्यापिकांची महाविद्यालयात शिकणारी भाची, मीरा रोडहून आलेली तिची मैत्रीण आणि शेजारच्या गुजराती कुटुंबातील एक मुलगा. या परिसरातील मुलांची भाषा एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी आणि तिसऱ्यात इंग्रजी असते, तशीच ती येथेही होती. विषय होता मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथामालिकेची, नायिका साकुरा हारुनो. साकुराचे प्रेम सासुकेवर की नारुतोवर, हा प्रश्न. मैत्रीण म्हणत होती, सासुकेवरच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मुलाचे म्हणणे असे, की मधल्या काळात तिचे मन नारुतोकडे वळले होते, लेखकानेच ते पुढे दाबून टाकले. भाची दोघांवरही चिडली होती, पण स्वतःचे म्हणणे तिला मांडता येत नव्हते.

‘मावशी, तू ये ना बाहेर. तूच सांग.’

‘मॅडम, तुम्ही पान तरी बघा,’ असे म्हणून मुलाने पुस्तक पुढे केले. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, हेही त्यानेच सांगितले.

ज्यांना ही कृती परिचित नाही त्यांच्यासाठी तिची रूपरेषा थोडक्यात अशी. ‘नारुतो’ 1999 मध्ये ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये 700 व्या प्रकरणाने संपली. तिचे 72 खंड झाले. गावाने वाळीत टाकल्यासारखा वागविलेला पोरका नारुतो, कुळाच्या संहारातून वाचलेला एकलकोंडा सासुके आणि सर्वसाधारण घरातून आलेली हुशार साकुरा हे तीन शिकाऊ निन्जा एका गुरूच्या हाताखाली ‘सातवे पथक’ म्हणून काम करतात. नारुतोला साकुरा आवडते, साकुराला सासुके, आणि सासुकेला केवळ सूड. 181 व्या प्रकरणात सासुके गाव सोडून निघतो. साकुरा रात्री त्याला अडविते, त्याच्यावरील प्रेम बोलून दाखविते. तो तिचे आभार मानतो आणि तिला बेशुद्ध करून निघून जातो. त्यानंतर सासुकेला परत आणण्याची याचना ती नारुतोजवळ करते आणि तो तिला तसे वचन देतो.

वाद पेटतो तो मात्र 469 व्या प्रकरणावर. वर्षे उलटली आहेत, सासुके गुन्हेगार ठरला आहे, आणि ते वचन नारुतोला चिरडीत आहे हे साकुराला कळून चुकले आहे. बर्फाळ प्रदेशात, चार लोकांच्या देखत, ती नारुतोला सांगते की तिचे आता त्याच्यावर प्रेम आहे. सासुकेचा नाद तिने सोडला आहे. नारुतो ते स्वीकारीत नाही. जी माणसे स्वतःशी खोटे बोलतात ती मला आवडत नाहीत, अशा आशयाचे उत्तर तो देतो. पुढे साकुरा विष लावलेले शस्त्र घेऊन सासुकेला एकटीच गाठते, आणि तिचा हात चालत नाही.

मुलाच्या मते कबुलीतील निम्मे तरी खरे होते. वर्षानुवर्षे जो सोबत राहिला त्याच्याविषयी काहीच वाटत नसेल, तर बाईचे मन म्हणजे दगड म्हणावा लागेल. मैत्रिणीच्या मते ती सारी युक्ती होती. नारुतोला वचनातून सोडविण्यासाठी रचलेली. जगभरच्या चाहत्यांमध्ये या दोन पक्षांना त्या त्या जोडीच्या नावांवरून ‘नारुसाकू’ आणि ‘सासुसाकू’ अशी नावे पडलेली आहेत, आणि दोन्ही पक्ष पुरावे गोळा करण्याच्या बाबतीत कोणत्याही पाठचिकित्सकाच्या तोडीचे आहेत. 700 व्या प्रकरणात साकुरा सासुकेची पत्नी आणि सारादाची आई म्हणून दिसते. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या ‘द लास्ट’ या चित्रपटात नारुतोचे साकुरावरील प्रेम म्हणजे मुख्यतः सासुकेशी असलेली स्पर्धा होती, असा खुलासाही झाला. तरीही वाद मिटला नाही. लेखकाचा निवाडा हाती आल्यावरही वाचक तो मानीत नसतील, तर वादाचे मूळ कथेच्या शेवटात नसून अन्यत्र असले पाहिजे.

प्राध्यापिकांनी पाने चाळली, मागची आणि पुढचीही. त्यांच्या लक्षात आले ते असे. पूर्वार्धात किशिमोतो यांनी साकुरासाठी एक खास योजना केलेली आहे. बाहेरची साकुरा नम्रपणे बोलते, आणि त्याच वेळी तिचे दुसरे रूप, ‘आतली साकुरा’, मुठी आवळून नेमके उलट ओरडते. ही केवळ गंमत नव्हे. परीक्षेतील लढतीत मैत्रीण इनो साकुराच्या मनात शिरून तिचा ताबा घेते, तेव्हा ही आतली साकुराच तिला हुसकून लावते. म्हणजे कथानकातही या अंतःस्वराला स्वतंत्र सामर्थ्य दिलेले आहे. उत्तरार्धात मात्र ही आतली साकुरा जवळजवळ दिसेनाशी होते. नायिका प्रौढ झाली, आत आणि बाहेर असे दुभंगलेपण राहिले नाही, असे त्याचे समर्थन करता येईल. पण परिणाम असा होतो की 469 व्या प्रकरणात, वाचकाला ज्या क्षणी त्या आतल्या आवाजाची सर्वाधिक गरज असते त्या क्षणी, तो आवाज संहितेतून काढून घेतलेला असतो. उरतो तो फक्त चेहरा, आणि चौकटींमधली कोरी पट्टी. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या रिक्त जागा वाचकाला भराव्या लागतात असे म्हटले, त्यातली ही एक. दोन्ही पक्ष ती आपापल्या परीने भरतात. मात्र तेथे पूर्वी एक आवाज होता आणि तो आता नाही, हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही.

‘हेच! मला हेच म्हणायचं होतं,’ भाची म्हणाली. ‘हे दोघं सारखे ती कोणाची तेच विचारतात. तिला काय होतंय ते कोणी विचारतच नाही.’

हे वाक्य ऐकून प्राध्यापिका गप्प झाल्या. त्या गप्प होण्यामागे एक जुना प्रसंग होता. 1994 साली त्यांनी स्वतःचा प्रबंध सादर केला होता. विषय होता आधुनिक मराठी साहित्यातील द्रौपदी. तेव्हा त्या नुकत्याच भाईंदरला राहावयास आल्या होत्या. खिडकीतून मिठागरे दिसत, आणि प्रबंधाची बरीचशी टिपणे चर्चगेटच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, उभ्याने लिहिली गेली होती. त्यातील एका प्रकरणात त्यांनी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजविलेले ‘जांभूळ आख्यान’ एकत्र ठेवले होते. पहिली दोन्ही पुस्तके 1967 ची. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण हे आपापल्या तोंडाने कथा सांगतात, द्रौपदीला मात्र निवेदन नाही. लोकपरंपरेने तिला ते दिले, आणि तिच्या मुखी कर्णाविषयीची ओढ घातली, असा त्यांचा मुद्दा होता. ही ओढ पाच पतींवरील निष्ठेला खोडून काढीत नाही, दोन्ही एकत्र नांदतात, असे त्यांनी लिहिले होते.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी हे प्रकरण उघडले आणि विचारले, ‘ते सगळे ठीक. पण शेवटी ती कोणाची?’ पुढे त्यांनी रसाभासाचा दाखला दिला. दाखला चुकीचा नव्हता. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त अनेक नायकांविषयीची रती आणि एकतर्फी रती या दोन्ही आभासाच्या कक्षेत टाकलेल्या आहेत. त्या न्यायाने साकुरा दुहेरी दोषी ठरते. जगन्नाथ पंडिताने तर ‘रसगंगाधरा’त द्रौपदीचेच उदाहरण घेऊन दोन मते नोंदविली आहेत : नव्यांच्या मते पाचांवरील तिची रती हा रसाभासच, प्राचीनांच्या मते ते पाचही विवाहित पती असल्याने तो दोष येत नाही. मतभेद आहे तो नाते विहित की अविहित याविषयी. रती कोणाची आणि कोणाविषयी, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला आहे.

त्या वेळी त्यांना एक उत्तर देता आले असते. याच शास्त्रात भावसंधी आणि भावशबलता यांचीही चर्चा आहे; दोन भाव तुल्यबळ होऊन एकत्र येतात, किंवा अनेक भाव एकमेकांना मागे सारीत येतात, आणि त्यातच चमत्कार असतो, असे हेच शास्त्र सांगते. मनाची अवस्था एकच असू शकते. ती कोणाविषयी, असे विचारले की ती आभास ठरते; ती कशी आहे, असे विचारले की ती आस्वाद्य ठरते. हे उत्तर त्यांना परतीच्या गाडीत, बोरिवली सोडल्यावर सुचले. परीक्षेच्या खोलीत त्या एवढेच म्हणाल्या होत्या, ‘अर्थात, पांडवांचीच.’ प्रकरणाची दोन पाने त्यांनी बदलून दिली. पदवी मिळाली. बांधणी केलेल्या प्रतीत ते वाक्य अजून आहे : द्रौपदीची कर्णाविषयीची ओढ हे क्षणिक स्खलन होय.

‘जांभूळ आख्याना’च्या एका प्रचलित रूपात गळून पडलेले फळ पुन्हा देठाला चिकटावे म्हणून प्रत्येकाला मनातले खरे सांगावे लागते. द्रौपदी आधी आडपडदा ठेवते, फळ चिकटत नाही. कर्णाचे नाव घेते, तेव्हा ते चिकटते. येथे साक्ष घेणारे आहे ते एक फळ. ते तिला निवड करावयास सांगत नाही. आहे तेवढे बोल, असे सांगते. ‘नारुतो’च्या 469 व्या प्रकरणातही मागणी खरेपणाचीच आहे, पण न्यायासनावर बसला आहे तो ज्याच्याविषयी कबुली दिली गेली तो पुरुष. त्याच्या निवाड्यात उदारपणा आहे. दया म्हणून दिलेले प्रेम तो नाकारतो, हे खरे. तरीही तिच्या शब्दांतील किती भाग खोटा आणि किती खरा, हे तोच ठरवितो, आणि तिला पुढे बोलण्यास जागा उरत नाही. चाहत्यांचे दोन्ही पक्ष त्याच न्यायासनावर जाऊन बसतात. 1994 मधील त्या खोलीतही तीच मांडणी होती. फरक इतकाच, की तेथे स्वतःशी खोटे बोलल्याबद्दल पदवी मिळाली.

‘मग खरं काय मॅडम? युक्ती की प्रेम?’ मुलाने पुन्हा विचारले.

‘दोन्ही असेल,’ त्या म्हणाल्या. ‘नारुतोला सोडवायचं म्हणून ती बोलते. पण ज्याच्याविषयी काहीच वाटत नाही, त्याला सोडवण्यासाठी कोणी एवढं करत नाही. आणि सासुकेवर हात चालत नाही तेही खरंच. तुम्ही दोघंही तिच्याकडून एक वाक्य काढून घ्यायला बघताय. आतली साकुरा असती, तर ती तुम्हा दोघांवर ओरडली असती.’

मैत्रिणीला हे पटले नाही. शेवटी लग्न तर सासुकेशीच झाले ना, असे ती म्हणाली, आणि वाद पुन्हा पहिल्या जागी गेला. त्यात वावगे काही नव्हते. वाद मिटला असता तर त्या पानावरची रिकामी जागाच बुजली असती.

रात्री मुले गेल्यावर प्राध्यापिकांनी अहवालाचा खर्डा पुन्हा समोर घेतला. ती दोन वाक्ये त्यांच्याच अक्षरांत होती, पण ओळखीची होती दुसऱ्याच कोणाच्या आवाजात. त्यांनी ती खोडली आणि खाली लिहिले : ‘चौथ्या प्रकरणातील निष्कर्ष आहे तसा राहू द्यावा. मात्र नायिकेच्या मनातील द्विधा कादंबरीत कोणत्या निवेदनपद्धतीने व्यक्त होते, आणि तिचा स्वतःचा आवाज कोणत्या ठिकाणी थांबविला जातो, याचे विवेचन वाढवावे.’ मग क्षणभर थांबून, मौखिक परीक्षेसाठी विचारावयाच्या प्रश्नांच्या यादीतला पहिला प्रश्नही त्यांनी खोडला. त्या जागी काय लिहावे, हे त्या रात्री त्यांना सुचले नाही.