हाड जुळण्याआधी आलेलं पत्र

घरातल्या कुणाला गाडीने उडवलं, तर आपण आधी दवाखाना गाठतो, मग पैसे गोळा करतो. कायदा, विमा, दावा हे शब्द फार उशिरा आठवतात. पण 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघाताच्या भरपाईचे नियम बदलले आहेत आणि आता उशीर आपल्याला परवडणारा नाही. म्हणून हा विषय तुमच्याशी बोलावासा वाटला.

माझी मावशी वडोदऱ्याला राहते. वय बेचाळीस. पोळी-भाजीचे डबे देते. मागच्या वर्षी भाजी घेऊन परतताना टेम्पोने धडक दिली आणि तिच्या पायात रॉड बसवावा लागला. चौथ्या महिन्यात टेम्पोच्या विमा कंपनीचा प्रस्ताव आला : अडीच लाख रुपये. घरात इंग्रजी घेऊन बीए झालेली मी एकटीच, त्यामुळे ते इंग्रजी पत्र माझ्या मोबाइलवर आलं. मावशी तेव्हा वॉकर धरून चालत होती. काका म्हणाले, "घेऊन टाकू. ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज तरी फिटेल."

तुम्हीही कदाचित हेच म्हणाला असता. म्हणून हा अडीच लाखांचा आकडा कुठून येतो ते बघा. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 164 आलं. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम 149 प्रमाणे विमा कंपनीचा अधिकारी न्यायाधिकरणासमोर तडजोडीचा प्रस्ताव ठेवू शकतो, त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या कुटुंबांसाठी ही सोय खरंच मोठी आहे.

मात्र एक अट नीट वाचा. या पद्धतीने कलम 164 ची रक्कम स्वीकारली, की कलम 166 खालचा तुमचा मोठा दावा संपतो. पुढे पाय वाकडा जुळला, दुसरं ऑपरेशन लागलं, तरी परत मागायला जाता येत नाही. कायद्याचं घड्याळ आता जोरात धावतं. हाडाचं घड्याळ मात्र पूर्वीच्याच गतीने चालतं.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. 1994 पासून दावा दाखल करायला कालमर्यादाच नव्हती. दहा वर्षांनी दावा आला तर साक्षीदार कुठून आणायचा, पैसे किती बाजूला ठेवायचे? खोटे दावेही होतेच, आणि त्यांचा भार शेवटी आपल्याच हप्त्यावर पडतो. आता अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका. 2016 च्या विधेयकात तर मृत्यूसाठी विमा कंपनीची जबाबदारी 10 लाखांपर्यंतच ठेवायचा विचार होता. अंतिम कायद्यात ती मर्यादा आली नाही, हे आपलं नशीब.

मोठ्या दाव्याचा हिशेब साधा आहे. समजा डब्यांतून महिन्याला 15,000 रुपये सुटतात, म्हणजे वर्षाचे 1,80,000. कमावण्याची क्षमता 30 टक्के गेली, तर वर्षाचं नुकसान 54,000. वय 41 ते 45 असेल तर गुणक 14, म्हणजे 7,56,000 रुपये. उपचारांचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलंय की पाय किती टक्के अधू झाला एवढंच बघायचं नाही, त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. बसून काम करणाऱ्याचा पाय आणि तीन तास शेगडीपुढे उभं राहणारीचा पाय, दोन्ही सारखे कसे?

"मी नुसती घरीच असते," असं म्हणणाऱ्या वाचक मैत्रिणींनो, तुमचाही हिशेब होतो. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मूल्य धरायलाच हवं, असं स्पष्ट केलं. त्या निकालात सरकारी पाहणीचा आकडा आहे : घरकामात बाई रोज सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97.

मावशीने प्रस्ताव नाकारला. डब्यांची वही, यूपीआयच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एफआयआरची प्रत, सगळं फाइलला लावून मुदतीत दावा केला. तो अजून चालू आहे, कर्जाचा हप्ताही चालू आहे. वाट बघणं सोपं नाही, आणि ज्यांना वाट बघणं शक्यच नाही त्यांनी झटपट रक्कम घेतली तर त्यांना नावं ठेवू नयेत. फक्त काय सोडतोय हे माहीत असावं.

शेवटी तीन गोष्टी लक्षात ठेवा. अपघात परराज्यात झाला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. धडक देणारं वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची सरकारी योजना आहे. आणि मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत, ठरलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळतात.

आज घरी जेवायला बसाल तेव्हा आईला, मावशीला, वहिनीला विचारा : तुझ्या कामाची नोंद कुठे आहे? नसेल तर एक वही आणून द्या.