चार रात्री



हे गेल्यापासून सांगलीच्या घरात मी एकटीच आहे. पुण्याचा मुलगा वर्षभर म्हणत होता, "आई, घर विकू या, तू इकडेच ये." मी उत्तर टाळत होते. तेच ओझं मनात घेऊन जूनमध्ये लंडनला लेकीकडे गेले.

तिने पहिल्यांदा नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबल यांचं 'द हे वेन' दाखवलं. १८२१ सालचं चित्र. उथळ पाण्यात उभी घोडागाडी आणि डावीकडे एक घर. सगळे गाडी बघतात. मला दिसली ती घराजवळ पाण्याशी वाकलेली बाई. कृष्णेच्या घाटावरची आपलीच कुणीतरी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलो. लंडनहून रेल्वेने तासाभरात मॅनिंगट्री, तिथून स्टूर नदीच्या काठाने तीनेक किलोमीटर चालत फ्लॅटफर्ड. सफोक आणि एसेक्स यांच्या सीमेवरचं हे डेडम खोरं. उंच डोंगर नाहीत. हिरवी कुरणं, वाळुंजाची झाडं, चरणाऱ्या गाई आणि वर ढगांनी भरलेलं मोठं आकाश. डब्यात दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी होती. तिकडे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायची घाई नव्हती.

फ्लॅटफर्डची गिरणी कॉन्स्टेबल यांच्या वडिलांची. ते धान्याचे व्यापारी. मुलाने धंदा बघावा अशी त्यांची इच्छा होती. माझ्यातली बी.कॉम. लगेच त्यांच्या बाजूने झाली! पण मुलगा १७९९ मध्ये चित्रकला शिकायला लंडनला गेला आणि पुढे धंदा धाकट्या भावाने सांभाळला. 'द हे वेन'सुद्धा त्यांनी लंडनमध्येच रंगवलं, गावी केलेल्या रेखाटनांवरून.

गिरणीजवळच्या पाण्यापलीकडे चित्रातलं घर अजून उभं आहे. तिथे विली लॉट नावाचा शेतकरी राहायचा. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात त्याने घराबाहेर जेमतेम चार रात्री काढल्या, असं सांगतात.

मला सासूबाई आठवल्या. त्यांचं दिग्व्रत होतं. कुंभोज बाहुबली आणि स्तवनिधी यांच्या पलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. तरुणपणी मला त्याचा राग यायचा.

त्या घरासमोर बसून मी स्वतःचा ताळेबंद मांडला. सासूबाई व्रतामुळे राहिल्या. विली लॉट समाधानाने राहिला असेल. मी कशासाठी राहते आहे? किल्ल्यांचा जुडगा, माळ्यावरचे पितळी डबे, यांची खुर्ची. ते ममत्व होतं आणि मी त्याला निष्ठा म्हणत होते. शिवाय सुनेच्या घरात आपलं कसं होईल, ही भीतीही होतीच. कॉन्स्टेबल तर गाव सोडून गेले आणि तरी आयुष्यभर हेच खोरं रंगवत राहिले.

परतीच्या गाडीतून मुलाला फोन केला. "चातुर्मास सांगलीत करते, दिवाळीनंतर येते." तो क्षणभर काही बोललाच नाही.

काल माळा रिकामा करायला घेतला. डबे वाटून टाकतेय. एक मात्र पुण्याला नेणार आहे, दशम्यांचा. सुनेला अजून सांगितलेलं नाही.