मुद्रिते वाचताना

परळी वैजनाथ येथे छपाईचा कागद पांढरा ठेवणे हेच एक स्वतंत्र काम असते. औष्णिक विद्युत केंद्राची बारीक राख वाऱ्याबरोबर गावावर उतरते. उन्हाळ्यात खिडकी बंद ठेवावी तर जीव कासावीस होतो, आणि उघडी ठेवावी तर तासाभरात टेबलावर बोटाने नाव गिरवता येईल एवढा थर साचतो. एका लहानशा ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेत मी तीन वर्षे मुद्रितशोधन केले. त्या तीन वर्षांत माझा प्रत्येक दिवस ओल्या फडक्याने सुरू झाला. आधी टेबल, मग कागदाचे गठ्ठे, मग संगणकाचा पडदा, आणि त्यानंतर अक्षरे.

२००४ साली अंबाजोगाईहून मराठीची एम.ए. पदवी घेऊन मी घरी बसलो होतो. प्राध्यापकाच्या जागेसाठी जी रक्कम ऐकू येत असे ती आमच्या घराने कधी एकत्र पाहिलेली नव्हती. तशात ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, "शुद्धलेखन येतं ना? मग या आमच्याकडं." ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती मंडळीचे वडील, आणि त्या संस्थेचे संपादक, व्यवस्थापक, हिशेबनीस असे सर्व काही. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. माझे वडील वारकरी. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "तिथं तुला काय करायचंय?" मी म्हटले, "ऱ्हस्व-दीर्घ बघायचे." ते म्हणाले, "मग जा. ऱ्हस्व-दीर्घाला धर्म नसतो." त्या उत्तराने आम्हा दोघांची सोय झाली. ते पूर्णपणे खरे नव्हते, हे मला पुढे कळले.

संस्था म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. एकीत संगणक, छपाईयंत्र आणि गुरुजींचे लाकडी कपाट. दुसरीत पुस्तिका, हस्तपत्रिका आणि वर्षअखेरीस दिनदर्शिकांचे गठ्ठे. गुरुजी, संगणकावर अक्षरजुळणी करणारा एक मुलगा आणि मी, एवढाच कर्मचारीवर्ग. मुख्य काम सोळा पानांच्या मासिकाचे. सकाळी साडेनऊला गुरुजी प्रार्थना करीत. मी आत बसावे असा त्यांचा आग्रह नव्हता आणि बाहेर जावे असा माझाही नव्हता. मी डोळे उघडे ठेवून बसत असे. त्यानंतर टपाल. वीस-वीस रुपयांच्या मनिऑर्डरी, 'अंक मिळाला नाही' अशी पोस्टकार्डे, प्रार्थनेच्या विनंत्या. मुलीचे लग्न ठरत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, नवरा दारू सोडत नाही. मराठवाड्यातील दुःखांची अशी यादी मी कोणत्याही ग्रामीण कादंबरीत वाचली नव्हती. तिच्यात निवेदक नव्हता.

मुद्रिते दोघांनी वाचायची पद्धत होती. गुरुजी मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि मी पानावर डोळे ठेवून खुणा करी. ते शाळेतल्यासारखे "स्वल्पविराम", "पूर्णविराम" असे उच्चारून वाचत. पेजमेकरमध्ये फाँट बदलला की जोडाक्षरे फुटत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. त्यात भारनियमन. वीज निर्माण करणाऱ्या गावात विजेची वाट पाहत बसणे यातली गंमत पहिल्या महिन्यात संपली. वीज आली की पाने ट्रेसिंग पेपरवर काढायची, नळकांडीत गुंडाळायची आणि एसटीने लातूरच्या छापखान्यात न्यायची. छापून आलेल्या अंकांवर वेष्टने चढवायची, पत्ते चिकटवायचे, पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधायचे आणि ठरलेल्या तारखेला टपाल कार्यालयात पोहोचायचे. तारीख चुकली तर टपालाची सवलत जात असे.

या कामापूर्वी ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हणजे अभ्यासक्रमातला एक परिच्छेद, एवढीच माझी समज होती : बाबा पदमनजींचे १८५७ चे 'यमुनापर्यटन', रेव्हरंड टिळकांच्या कविता, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. या वाङ्मयामागे कष्टाची केवढी परंपरा आहे ते मला गुरुजींच्या कपाटाने शिकवले. तेव्हाच्या अहमदनगरहून १८४२ मध्ये निघालेल्या 'ज्ञानोदया'चे काही जीर्ण अंक त्यात होते. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडवले, आणि त्याच छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला, हे मी तिथेच वाचले. ज्या वळणदार टायपात आमच्या घरची संस्कृत स्तोत्रे छापलेली होती, त्याच्या घराण्याचे मूळ मिशनच्या छापखान्यापर्यंत जात होते. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असंल. लोखंडाला कुठं जात असती?"

मासिकाच्या वर्गणीदारांत ऊसतोड कामगार बरेच होते. बीड जिल्ह्यातली माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात त्यांचा पत्ता म्हणजे एखाद्या कारखान्याच्या तळावरची कोपी. अंक 'घर बंद' असा शेरा घेऊन परत येत. गुरुजी ते फेकू देत नसत. गावनिहाय बांधून ठेवत आणि मे महिन्यात माणसे परतली की पाच-सहा अंक एकदम पाठवत. "पाऊस पडेपर्यंत वाचतील," असे ते म्हणत. खरे तर त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. घरातले शाळकरी पोर वाचे, बाकीचे ऐकत. हे मला ठाऊक होते, परंतु मुद्रितावर खुणा करताना या ठाऊक असण्याचा काही उपयोग करावा असे सुचले नव्हते.

मासिकात 'साक्ष' नावाचे सदर असे. वाचकाने आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगावे, असे त्याचे स्वरूप. २००६ च्या सुरुवातीला परळी तालुक्यातील एका म्हाताऱ्या बाईचे पत्र आले. ते नातवाने वहीच्या पानावर लिहून घेतले होते. कारखान्याच्या तळावर धाकटे नातवंड तापाने फणफणले, मुकादम उचल द्यायला तयार नाही, रात्री फडातून चालत ही बाई रस्त्यापर्यंत गेली आणि एका ट्रकवाल्याने तिला दवाखान्यात पोहोचवले, अशी हकीकत होती. त्यात तिचे वाक्य होते : "देवाला म्हणलं, तूच बग आता, मपल्याकून नाही व्हायचं."

मी ते वाक्य दुरुस्त केले. छापून आलेले वाक्य असे : "मी प्रभूकडे आर्त प्रार्थना केली आणि स्वतःस त्याच्या इच्छेस समर्पित केले." 'फणफणले'चे 'तीव्र ज्वर आला' झाले, 'लेकरू'चे 'बालक' झाले. ट्रकवाला 'एक सद्‌गृहस्थ' झाला. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये घालून दिलेले आणि १९७२ मध्ये भर पडून अठरा झालेले नियम मला तोंडपाठ होते. त्या नियमांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे, हेही पाठ होते. पण ही बाई माझ्या लेखी पात्र नव्हती, 'प्रत' होती. गुरुजी त्या आठवड्यात आजारी असल्याने ते मुद्रित मी एकट्यानेच वाचले.

मे महिन्यात ती बाई अंक घेऊन खोलीवर आली. नातू बरोबर नव्हता. "मपलं छापलंय म्हणं. वाचून दावा," म्हणाली. गुरुजींनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली. मी वाचू लागलो. तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि उपासनेत ऐकावे तसे सगळे ऐकले. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. कुणाचं हाय हे?"

"आजी, तुमचंच आहे."

"मपलं? मी कवा आसं बोलले, लेकरा?"

तिच्या स्वरात राग नव्हता. चुकीच्या घरात शिरल्यावर माणूस ज्या संकोचाने पाय मागे घेतो, तसा तो प्रश्न होता. तिने अंक घडी करून पिशवीत ठेवला, पाणी घेतले, "सलाम" म्हणून ती निघून गेली.

गुरुजी मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून पंडिता रमाबाईंचे बायबल काढून माझ्या टेबलावर ठेवले. जी बाई आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करण्यात घालवते, जिला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले, तिने भाषांतरासाठी संस्कृतप्रचुर मराठी न वापरता साधी मराठी निवडली. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मी पाने चाळत होतो तेव्हा गुरुजी एवढेच म्हणाले, "यांना संस्कृत येत होतं, म्हणून सोडता आलं. आपल्याला अर्धंमुर्धं येतं, म्हणून सुटत नाही."

मला त्याहून जास्त लाज वाटली ती दुसऱ्या एका कारणाने. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, हा 'स्मृतिस्थळा'तील प्रसंग मी एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत सविस्तर लिहून गुण मिळवले होते. आमच्या रेल्वेमार्गावर थोड्याच अंतरावर गंगाखेड आहे, जनाबाईंचे गाव. विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या, त्याच्याशी भांडणाऱ्या जनाबाईंवर मी निबंध लिहिला होता. आणि "तूच बग आता" हे त्याच मातीतले, त्याच सलगीचे वाक्य समोर आले तेव्हा माझ्या लेखणीने ते खोडले. ग्रंथात भेटलेली म्हातारी मला ओळखता आली. वहीच्या पानावर भेटलेली आली नाही.

यापुढे असे करायचे नाही असे मी ठरवले आणि पुढच्या अंकात एका शेतमजुराची साक्ष अक्षरशः छापली. 'कामून', 'करायलाव', 'मपलं', सगळे जसेच्या तसे. मनातून मी खूष होतो. पंधरा दिवसांनी एका मुलीचे पत्र आले. ती त्या शेतमजुराची मुलगी, डी.एड. करणारी. तिने लिहिले होते की वडिलांचे बोलणे असे छापून तुम्ही आमचे हसे केलेत. अंकातले बाकीचे सगळे लेख शुद्ध भाषेत आणि आमचे वडील तेवढे अडाणी दिसले. तुमच्या स्वतःच्या लेखात तुम्ही 'करायलाव' असे लिहिता का?

मी लिहीत नव्हतो. आजही लिहीत नाही, हा लेख त्याचा पुरावा आहे. बोलीचा गौरव करणे हे ज्याच्या हाती प्रमाणभाषा आहे त्याला सोपे जाते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याला छापील पानावर शुद्ध दिसावेसे वाटणे यात खोटेपणा नाही. तो हक्क आहे. म्हातारीला तिचे शब्द हवे होते, मुलीला वडिलांची प्रतिष्ठा हवी होती, आणि दोघींच्या मधोमध मी तांबडी शाई घेऊन बसलो होतो. या दोन मागण्या एका नियमात बसवता येतील असे मला तेव्हा वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

गुरुजींनी त्यावर शिक्षकी तोडगा काढला. साक्ष छापण्यापूर्वी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. जवळचा असेल तर समक्ष, लांबचा असेल तर त्याच्या मंडळीच्या पाळकांमार्फत. 'असेच छापू का?' एवढाच प्रश्न विचारायचा. काम दुपटीने वाढले. कधी साक्ष दोन महिने लांबली, कधी त्या जागी दुसरा मजकूर भरावा लागला. कुणी म्हणे, जरा चांगल्या भाषेत करा. कुणी म्हणे, हा शब्द ऱ्हाऊ द्या. कोणता शब्द राहू द्यायचा याविषयीचे माझे आडाखे बहुतेक वेळा चुकत. 'लेकरू' जाऊ द्यायला लोक सहज तयार होत, पण 'मपलं' मात्र पुष्कळांना हवे असे. 'माझे'मध्ये ते नाही, असे एका बाईने सांगितले. काय नाही, ते तिला सांगता आले नाही.

२००७ मध्ये मला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली आणि मी परळी सोडली. गुरुजी आता नाहीत. मासिकही त्यांच्यामागे दोन वर्षे चालून थांबले. उत्तरपत्रिका तपासताना लाल शाई माझ्या हातात आजही असते, आणि बीडकडचे एखादे पोर निबंधात "मपल्या गावात" असे लिहिते. परीक्षेचे नियम मला ठाऊक आहेत. मी त्या शब्दाखाली रेघ ओढतो. मात्र तास संपल्यावर त्या मुलाला बोलावून तो परिच्छेद त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो, आणि विचारतो, "हे कुणाचं आहे?"