पाच टनांचा भार

पैठणकरांना धरणाची ओळख करून द्यावी लागत नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या मातीच्या धरणाला सत्तावीस दरवाजांचा सांडवा आहे. नाथसागर भरला की आम्हीही भाविकांसमवेत तेथून उसळणारे पाणी पाहावयास जातो. मात्र एवढा भार भिंतीला पेलवेल हे आधी कोणी व कसे ठरविले असेल, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता. तो शिवला आमच्या स्वतःच्या गच्चीवर.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आम्हांलाही लागू पडते. म्हणून चर्चच्या जुन्या सभागृहाच्या स्लॅबवर पाच हजार लिटरची टाकी बसविण्याचे आम्ही ठरविले. एका कुटुंबाने देणगीही दिली. तेव्हा धर्मग्रामातील एक तरुण अभियंता म्हणाला, "फादर, पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. हिशेब केल्याशिवाय ठेवू नका."

आम्ही हसून म्हणालो, "अरे, इतकी वर्षे उभी आहे ती. देव सांभाळील."

तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मात्र मोजपट्टी आणि संगणक घेऊन आला. गिलावा निखळून उघड्या पडलेल्या सळया त्याने मोजल्या, गंज खरवडून पाहिला आणि आम्हांला शेजारी बसवून घेतले.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताणापुढे मात्र ते दुबळे. ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून ताण पडेल त्या बाजूस पोलादी सळई घालतात. संगणकात तो स्लॅबचे शेकडो लहान तुकडे कल्पितो. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला जोडलेला. भार थोडाथोडा वाढवीत नेला की कोणता तुकडा किती वाकतो, कोठे तडा जातो आणि तडकलेल्या तुकड्याचा ताण सळईवर कसा जातो, याची समीकरणे यंत्र पुन्हा पुन्हा सोडविते. पडद्यावर स्लॅबचा मध्यभाग लाल झाला. त्याच्याच खाली दर रविवारी आमची मुले धर्मशिक्षणाला बसतात.

"पण हे यंत्राचे चित्र खरे कशावरून?" आम्ही विचारले. त्याने कोयनेची गोष्ट सांगितली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण टिकले. परंतु जेथे त्याचा उतार एकदम बदलतो त्या गळ्याशी आडव्या चिरा पडल्या. धरण रचताना भूकंपाचा जोर तळापासून माथ्यापर्यंत सारखा, वजनाच्या पाच टक्के धरला होता. त्या हिशेबात गळा सुरक्षित होता. १९७३ साली बर्कली येथील अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी, धरण स्वतः डोलते हे लक्षात घेऊन, नोंदलेल्या हादऱ्यांचे गणित संगणकावर मांडले. तेव्हा ताण नेमका त्याच गळ्याशी मर्यादेपलीकडे गेलेला दिसला. आज काँक्रीटच्या तड्यांचे नवे गणित पारखावयाचे झाल्यास जगभरचे संशोधक ते कोयनेला लावून पाहतात.

आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री लूकचे शुभवर्तमान उघडले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभू येशू विचारतो आणि नाही म्हणतो. पुढल्याच अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे तो सांगतो. इतकी वर्षे ही दोन वचने आम्ही निरनिराळ्या रविवारी निरनिराळ्या अर्थांनी समजावीत आलो. ती शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. मेलेल्यांच्या माथी दोष मारू नये. बांधणाऱ्याने मात्र आधी बसावे. 'देव सांभाळील' म्हणताना आम्ही न बसताच उठलो होतो.

यथावकाश स्लॅबला खालून टेकू दिले, सैल काँक्रीट काढले, सळया घासून त्यांवर नवी जाळी बांधली आणि गनायटिंग केले, म्हणजे हवेच्या दाबाने काँक्रीट फवारले. डोंगरातील बोगदे खोदतानाही खडकावर असेच काँक्रीट फवारतात. तेथे ते कठीण होण्याआधीच डोंगर भार टाकू लागतो. म्हणून हिशेब करताना त्याचे वय तासांनी मोजावे लागते. "कोवळ्यावर किती टाकायचे तेही ठरवावे लागते, फादर," तो म्हणाला. आम्हांला धर्मशिक्षणाचा वर्ग आठवला.

टेकू ठरल्या दिवसाआधी काढावयाचे नाहीत, असे त्याने बजावले होते. आम्ही ते निमूटपणे पाळले. टाकी आता अंगणात जमिनीवरच्या ओट्यावर आहे. देणगीदार कुटुंब थोडे हिरमुसले, कारण गच्चीवर ती रस्त्यावरून दिसली असती. आम्ही त्यांना त्या लाल चित्राची छापील प्रत दाखविली. त्यांचा नातू त्याच वर्गात बसतो.