पाण्याचा माळा

इंग्लंडमधल्या जुन्या घरांत छपराखालची जागा माणसांची नसते, पाण्याची असते. लंडनच्या वायव्येला हॅरोच्या बाजूला 1930च्या दशकातली जोडघरं रांगेने उभी आहेत. त्यांतल्या कुठल्याही लॉफ्टचं झाकण ढकलून शिडीवरून डोकं वर काढलं, तर नाताळच्या सजावटीच्या खोक्यांमागे दोन टाक्या दिसण्याची शक्यता अजूनही बरीच. मोठी असते सव्वादोनशे लिटरच्या आसपास, न्हाणीघराच्या नळांसाठी. धाकटी बादलीहून थोडीच मोठी. रेडिएटरांतलं पाणी कमी झालं की भर घालायची आणि तापून फुगलं की सामावून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर तांब्याची एक नळी अर्धगोल वळून खाली तोंड करून असते. खालचा बॉयलर बेफाम तापलाच, तर उकळतं पाणी तिथून टाकीत पडावं. अख्खी व्यवस्था अशी वरून उघडी.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गच्चीवरच्या टाकीचा हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ असतो: तळमजल्याला धो धो, वरच्या मजल्याला करंगळीएवढी धार. मीटरभर उंचीला एक दशांश बार दाब, बस. म्हणून या घरांतला वरच्या मजल्याचा शॉवर जन्मभर रडतच असतो.

आणि म्हणूनच लॉफ्टची खोली करायची म्हटलं की खरा प्रश्न खिडकीचा नसतो. लेकीला अभ्यासाला खोली हवी, शेजारी छोटं न्हाणीघरही हवं. पण टाकीच्याच जागी शॉवर लावल्यावर त्याला पाणी कुठल्या उंचीवरून येणार? लोखंडी तुळया, छपरातून बाहेर काढलेली डॉर्मर खिडकी, जिन्यावर डोक्याला पुरेशी जागा, आग रोखणारे दरवाजे, हे सगळं बिल्डर हौसेने बोलतो. हीटिंगचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, तोवर पैसे संपत आलेले असतात. माझं मत विचाराल तर बिल्डरच्या आधी हीटिंगवाल्याला चहाला बोलवावं.

हीटिंग या घरांत मुळात नव्हतंच. खोलीखोलीत कोळशाची शेगडी होती. डिसेंबर 1952 मध्ये धुरकट धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसं मेली, 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि 1967 ते 1977 या दहा वर्षांत उत्तर समुद्रातल्या गॅससाठी घरोघरचे बर्नर बदलले गेले. त्या सगळ्या काळात मागाहून फळ्या उचकटून जमिनीखाली नळ्या घातल्या गेल्या, काही इंचांच्या मापाच्या, काही मिलिमीटरच्या. पाऊण इंची नळी आजच्या 22 मिलिमीटरच्या नळीला सरळ जुळत नाही, मध्ये खास जोड लागतो. प्लंबर फळी उचलतो, आत बॅटरी मारतो आणि सुस्कारा सोडतो. या देशातल्या प्लंबरांचा तो सुस्कारा बहुधा अंदाजपत्रकातच धरलेला असतो.

आमच्याही घराचं हे काम निघालं, आणि दिवाणखान्यातला रेडिएटर भिंतीवरून उतरवला तेव्हा आई इथेच होती. प्लंबरने तो परातीवर कलता केला आणि आतून काळंकुट्ट, दाट पाणी आलं. त्याने खिशातलं चुंबक त्या गाळात बुडवून वर काढलं, तर त्याला केसाळ काळी मिशी फुटलेली. रेडिएटरचं लोखंडच आतून गंजून त्या पाण्यात उतरलेलं होतं. रेडिएटर खाली गार का राहतो, तर हा गाळ. वर गार का राहतो, तर तिथे वायू साठतो, आणि तो दर वेळी बाहेरची हवाच असते असं नाही. गंजताना पाण्यातून सुटलेला हायड्रोजनही असतो. आई नाक मुरडून म्हणाली, ‘‘हे पाणी घरभर फिरत होतं होय गं?’’ फिरत होतं, आणि त्यावरच आमचे हिवाळे निघाले होते.

टाक्या गेल्या की व्यवस्था बंदिस्त होते. उंचीचं काम आता रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा दाब करणार, आणि रेडिएटरांत एक-दीड बार दाब कोंडलेला राहणार. जुन्या सांध्यांची परीक्षा तिथे होते. आतली घाण धुऊन काढली की जिथे गंजच बूच होऊन बसला होता तिथे घर पाझरायला लागतं. तेव्हा संशयित रेडिएटर आधीच बदललेले बरे.

नळाचा दाब असला तरी पाणी पुरेसं येतं का, हे बादली आणि घड्याळ सांगतं. आमच्याकडे मिनिटाला जेमतेम दहा लिटर. फाटकापासून घरापर्यंतची नळी शिशाची, अरुंद. दोन शॉवर एकाच वेळी चालवायचे तर लागेल तेव्हा पाणी तापवणारा कॉम्बी बॉयलर घ्या नाहीतर गरम पाणी साठवणारा दाबाचा सिलिंडर, या नळीपुढे दोन्ही हतबल. आधी अंगण खणून निळी प्लास्टिकची जाड नळी टाकली, मग सिलिंडर घेतला. एका न्हाणीघराच्या घराला कॉम्बी छान. दोन असतील तर मी तरी सिलिंडरच सुचवेन.

बॉयलर अर्थात कंडेन्सिंग. एप्रिल 2005 पासून इंग्लंडमध्ये नवा गॅस बॉयलर बहुतेक ठिकाणी तसाच बसवावा लागतो. धुराड्यातून जाणाऱ्या वाफेला पाणी करून तिची उष्णता तो परत घेतो. पण रेडिएटरांतून परतणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच. लोक तो 75-80 अंशांवर ठेवतात आणि बिल बघून कंपनीला शिव्या घालतात. आम्ही रेडिएटर मोठे घेतले आणि पाणी कमी तापवलं. रेडिएटर चटका देत नाहीत, घर ऊबदार राहतं. पुढेमागे बॉयलरच्या जागी हीट पंप आला तरी हेच रेडिएटर चालतील.

तक्रार एकटीची, आईची. जुना तांब्याचा सिलिंडर वरच्या मजल्यावर एका कपाटात, लाल गोधडी पांघरून उभा होता. त्यातून अहोरात्र उष्णता गळायची. तीच गळती होती म्हणून जानेवारीत टॉवेल सुकायचे, इडलीचं पीठ फुगायचं, रात्री विरजण लावलं की सकाळी दही. नवा सिलिंडर फोमच्या जाड कवचात, बाहेरून हात लावला तर गार. कपाट तिथेच आहे, आत जानेवारीचा थंडपणा. ‘‘एवढे पैसे ओतलेत आणि साधं दही लागत नाही?’’

आता घरातली सगळ्यात ऊबदार खोली म्हणजे लॉफ्ट. वाशांमध्ये नवं इन्सुलेशन, त्यामुळे छोटा रेडिएटरही तिथे जास्तच होतो. जूनमध्ये तीच खोली भाजून काढते, तो वेगळा विषय. हिवाळ्यात आई दह्याचं भांडं लेकीच्या टेबलाखाली नेऊन ठेवते. लेक म्हणते, ‘‘आजी, माझ्या पायाला लागतं ते!’’ आई म्हणते, ‘‘मग पाय जरा वर घेऊन बस.’’